चाचांची सही

रीगल सिनेमासमोर आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे, त्या जुन्या इमारतीत एके काळी विधिमंडळ भरायचं. कौन्सिल हॉल म्हणत तिला. १८ एप्रिल १९६६ या दिवशी सात मुसलमान बायका तिथे मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, चार बायका करायची मुभा काढून टाका, सगळ्या नागरिकांना एकच कायदा लावा, एवढ्या त्यांच्या मागण्या. मोर्चा समाजसुधारक हमीद दलवाईंनी जमवला होता आणि चालणाऱ्यांत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाबाई होत्या. सात या आकड्याचीच चर्चा फार होते. कुणी म्हणतं सातच, कुणी म्हणतं त्या काळात सातजणी म्हणजे केवढं धाडस.

मला आकड्यापेक्षा त्यांनी निवडलेला पत्ता महत्त्वाचा वाटतो. त्या जमातीच्या पंचांकडे गेल्या नाहीत, कुठल्या मौलानांच्या दारात पदर पसरून उभ्या राहिल्या नाहीत. कायदा जिथे होतो तिथे गेल्या. मुसलमान बायकांच्या धर्मनिरपेक्ष स्त्रीवादावर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं जातं, परिसंवाद होतात. त्याचं एक मूळ आपल्या भाषेत, आपल्या शहरात आहे, आणि ते मराठी वाचकाला फारसं आठवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी कोकणी मुसलमान. गाव म्हसळ्याच्या बाजूला, शाळा मराठी माध्यमाची, आणि लहानाची मोठी झाले कुर्ल्यात. अब्बा बोटीवर होते. आमच्याकडच्या कितीतरी घरांतले पुरुष बोटीवरच असायचे. वर्षाचे बरेच महिने समुद्रावर आणि उरलेले घरी, लुंगी गुंडाळून रेडिओ ऐकत. त्या पगारातून अब्बांनी कुर्ला पश्चिमेला सोसायटीत वन रूम किचन घेतलं. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. याचं अब्बांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. कुणी हळहळलंच तर म्हणायचे, "पोरी आहेत की."

अब्बा गेले. चाळिसावा झाला, पाहुणे गावी परतले आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी शेअर सर्टिफिकेट अम्मीच्या नावावर करण्यासाठी कागद मागितले. वकिलांनी आमच्यासमोर एका पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढला आणि त्याचे चोवीस भाग केले. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे तीन भाग. दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, म्हणजे सोळा. राहिले पाच. ते अब्बांच्या भावाचे.

अम्मीने विचारलं, "माझ्या घरात?"

वकील चांगले होते, समजावून सांगत होते. एखादा मुलगा असता तर चाचांना काही मिळालं नसतं. मुलगा नाही म्हणून उरलेलं पुरुष नातलगाकडे जातं. अब्बांनी मृत्युपत्र केलं असतं तर? मृत्युपत्राने एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही, आणि वारसालाच जास्त द्यायचं तर बाकीच्या वारसांनी कबूल व्हावं लागतं. अम्मी त्या चौकोनाकडे बघत राहिली. तिच्या ओट्याची, मोरीची, अब्बांच्या खाटेची जागा त्यात कुठे येते ते ती शोधत असावी.

चाचांना फोन केला. ते पहिल्या एसटीने आले. रजिस्ट्रेशन ऑफिसात आमचा नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहिले, चहाला नको म्हणाले. आमच्या पुढच्या नंबरावर तीन बहिणी होत्या, हिरव्या बांगड्या, एकीच्या कडेवर मूल, आणि शेजारी त्यांचा भाऊ. त्या बापाच्या घरावरचा हक्क भावासाठी सोडत होत्या. क्लार्कने रिवाजाप्रमाणे विचारलं, "राजीखुशीने देताय ना?" उत्तर भावाने दिलं. "हो साहेब." बहिणींनी अंगठे लावले. मग आमचा नंबर. चाचांचा अंगठा मशीन घेईना. जन्मभर होडीवर आणि शेतात काम केलेला माणूस, अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या. शर्टाला पुसून, ओला करून, पुन्हा पुसून त्यांनी तो परत परत काचेवर टेकवला. शेवटी मशीनने घेतला. मग कागदावर सही केली, मराठीत, एकेक अक्षर सुटं. बाहेर आल्यावर म्हणाले, "भावाच्या पोरींचं मी काय घेणार गो?" आणि परळहून मिळणाऱ्या एसटीच्या वेळेसाठी घाई करू लागले.

देवमाणूस. सगळ्या नात्यात त्यांचं नाव झालं आणि ते झालंच पाहिजे होतं. आमच्याच मजल्यावर एक बाई होती, तिच्या दिराने सही केली नाही. ती पुढे मुलींना घेऊन भाड्याच्या खोलीत गेली. तो दीर काही राक्षस नव्हता. त्याची स्वतःची ओढाताण होती आणि कायद्याने जे त्याचं होतं तेवढंच त्याने मागितलं. दोन घरं, एक जिना, कायदा एकच. फरक फक्त पुरुषाच्या स्वभावाचा. अम्मीचं छप्पर चाचांच्या स्वभावावर उभं होतं, आणि ते उभं राहिलं म्हणून आम्ही कृतज्ञ होतो. त्या कृतज्ञतेचा मला आजही त्रास होतो. चाचांवरच्या प्रेमाला त्यात कुठेच धक्का नाही. मात्र आपल्या आईला तिच्याच घरात राहता यावं यासाठी आपण कुणाचे उपकार का मानायचे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

त्या तीन बहिणीही जात नाहीत. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क आहे. तरी रजिस्ट्रेशन ऑफिसात हक्कसोडपत्रांची रांग बहिणींचीच असते, माहेर तुटेल या भीतीने. त्यामुळे सगळी वाईट गोष्ट आमच्याच धर्मात साठलेली आहे असं कुणी म्हणालं की मला ती रांग दाखवावीशी वाटते. एक फरक मात्र मी लपवणार नाही. त्यातली एखादी बहीण उद्या उठून नाही म्हणाली, तर कायदा तिच्या बाजूने उभा राहील. अम्मीच्या बाजूने तो नव्हता.

हे असं का, याचं उत्तर शोधताना मी आणखी एका मुंबईच्या इमारतीपाशी येऊन पोहोचले: उच्च न्यायालय. १९५१ साली तिथे नरसू अप्पा माळी खटल्याचा निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी ठरवलं की व्यक्तिगत कायदे, म्हणजे ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे लग्न, तलाक, वारसा ठरवणारे कायदे, मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत. संविधानाच्या १३व्या कलमात जो 'कायदा' म्हटला आहे त्यात ते बसत नाहीत. प्रकरण मुसलमानांचं नव्हतंच. मुंबई राज्याने १९४६ साली हिंदू पुरुषांना दुसरं लग्न करायला बंदी केली होती, तिला आव्हान दिलेलं होतं. बंदी टिकली, पण जाता जाता जी भिंत उभी राहिली ती पुढे सगळ्या धर्मांच्या बायकांच्या वाटेत आली. हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या बायकोवरून निघालेला खटला अम्मीच्या मोरीपर्यंत पोहोचतो, हे मला कुणी शाळेत नागरिकशास्त्रात शिकवलं नव्हतं.

त्या भिंतीवर मुंबईतल्याच एका तरुण मुसलमान मुलीने डोकं आपटलं. शहनाज शेख. नवऱ्याने तोंडी तलाक देऊन घराबाहेर काढलं होतं. १९८३ साली ती थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली की मुस्लीम व्यक्तिगत कायदा मला नागरिक म्हणून मिळालेली समानता नाकारतो. शाहबानोचा निकाल यायला अजून दोन वर्षं होती. शहनाजने काय काय ऐकून घेतलं असेल याची मुंबईतल्या मोहल्ल्यात राहणाऱ्या बाईला कल्पना द्यावी लागत नाही. तिने पुढे 'आवाज-ए-निस्वाँ' उभी केली, मुसलमान बायकांनी मुसलमान बायकांसाठी चालवलेली संघटना. दलवाईंबद्दल मला अपार आदर आहे. तरी या दोन कामांच्या जातीत फरक आहे. १९७० साली पुण्यात त्यांनी मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, ते समाज बदलायला निघालेलं होतं, आणि त्या भाषेत बाई हा समाजाच्या मागासलेपणाचा पुरावा असे. आवाज-ए-निस्वाँमध्ये बाई हीच बोलणारी. आज रात्री झोपायचं कुठे, पोराच्या शाळेची फी कोण भरणार, इथून तिथे बोलणं सुरू होई.

मग शाहबानो. २३ एप्रिल १९८५ चा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. इंदूरची म्हातारी बाई, उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली पोटगी महिना १७९ रुपये २० पैसे, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि त्यावरून देश पेटला. पुढच्याच वर्षी, १९८६ साली संसदेने नवा कायदा करून घटस्फोटित मुसलमान बायकांना सर्वसाधारण पोटगीच्या वाटेवरून बाजूला काढलं. सरकारला मुसलमान मतांची चिंता होती आणि मुसलमान म्हणजे सरकारच्या लेखी मुसलमान पुरुष. याच्यावर अधिक लिहिण्यासारखं मला काही वाटत नाही, फक्त राग येतो.

त्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. श्रीकृष्ण आयोगाने मुंबईतल्या त्या दोन महिन्यांत ९०० माणसं मेल्याची नोंद केली, त्यांतले ५७५ मुसलमान. आमच्या नात्यातली कुटुंबंच्या कुटुंबं कुर्ला, घाटकोपर, जोगेश्वरी सोडून मुंब्र्याला गेली. जिच्या दारावर रात्री लाथा बसल्या आहेत तिला सकाळी जाऊन तुझ्या नवऱ्याचा कायदा अन्यायकारक आहे हे सांगायचं कसं? दलवाईंच्या मोर्चातली घोषणा, सगळ्यांना एक कायदा, तोवर दुसऱ्यांच्या तोंडी गेली होती, आणि ती म्हणणाऱ्यांना बायकांच्या हिश्शाशी देणंघेणं नव्हतं. मुंबईतल्या स्त्री संघटनांनीही नव्वदच्या दशकात त्या घोषणेवरून हात काढून घेतला आणि सर्व धर्मांच्या बायकांना न्याय देणाऱ्या कायद्यांची वेगळी मांडणी सुरू केली. त्यांना कुणी भित्र्या म्हटलं तर मला पटत नाही. शब्द तोच ठेवून अर्थ उलटा केला गेला की तो शब्द खाली ठेवावा लागतो.

तेव्हापासून एक वाक्य आमच्या मागे लागलं आहे: ही वेळ नाही. शाहबानोच्या वेळी वेळ नव्हती, दंगलीनंतर नव्हती, २०२० मध्येही नव्हती. त्या वर्षी २६ जानेवारीला नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध नागपाड्यात मोरलँड रोडवर बायका धरणं धरून बसल्या. हातात तसबीह असलेल्या नानी, कॉलेजातल्या मुली, मांडीवर पोरं. मीही जाऊन बसले. माइकवरून संविधानाची उद्देशिका म्हटली जात होती आणि माझ्या शेजारची बाई, जिला लिहितावाचता येत नव्हतं, ती एकेक शब्द मागून म्हणत होती. मार्चमध्ये करोना आला आणि उठावं लागलं. त्या रस्त्यावर कुणी वारसाहक्काचं बोललं नाही. मीही नाही बोलले, आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तर नाहीच बोलणार. नागरिकत्वच हातातून जातंय असं वाटत असताना त्याच्या आतला हिस्सा मोजत बसता येत नाही. पण म्हणूनच मधल्या काळात, जेव्हा जेव्हा थोडी शांतता असते तेव्हा, हे बोलून घेतलं पाहिजे.

शनिवारी मी एका सल्ला केंद्रात जाते. तिथे एक आपा आहेत, शिवणाचा क्लास चालवतात आणि मोहल्ल्यातली भांडणं सोडवतात. आमचा वाद जुना आहे. आपांचं म्हणणं, "बाई रडत येते, मूल कडेवर, नवऱ्याने हाकललंय. तिला मी संविधान दाखवू की कुराणातली आयत? आयत दाखवली तर मोहल्ल्यातला मौलवी गप्प बसतो." आपा बरोबर आहेत. याच वाटेने भारतीय मुस्लीम महिला आंदोलनाने २००७ पासून काम केलं. एका दमात तीन तलाक कुराणात नाही, हे त्यांनी घराघरांत पोहोचवलं. हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना पूर्वी जाता यायचं, मग ट्रस्टने बंदी घातली; आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण न्यायालयात गेल्या, २६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली आणि नोव्हेंबरमध्ये बायका आत गेल्या. तो निकाल समानतेच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या कलमांवर उभा होता. कुराण हातात घेऊन लढणाऱ्या बायकांनाही शेवटी संविधानाचं दार वाजवावं लागलं, हे मी आपांना सांगते आणि त्या म्हणतात, "दोन्ही दारं आपलीच."

इथवर आमचं जमतं. मग मी हिश्शाचं काढते. तलाकच्या बाबतीत आयत आपल्या बाजूने लावता येते. पण सूरह निसामध्ये मुलाला दोन मुलींइतका हिस्सा हे स्पष्ट सांगितलेलं आहे. तिथे कुठला अर्थ काढणार? आपा आधी मला आठवण करून देतात की आमच्या बायकांना हिस्सा सातव्या शतकात मिळाला, बाकीच्यांना कित्येक शतकं मिळाला नव्हता. हे खरं आहे आणि त्याचा मलाही अभिमान आहे. मग त्या म्हणतात, "बापाने जिवंतपणी हिबा करावा. हवं तेवढं मुलीला देऊन टाकावं, कोण अडवतंय?" कुणीच अडवत नाही. बाप चांगला असला की झालं. पुन्हा स्वभाव. चाचांचा, बापाचा, आयतीचा अर्थ सांगणाऱ्या मौलवीचा. बाईचा हक्क प्रत्येक वेळी कुणाच्या तरी चांगुलपणातून गाळून तिच्या हाती येतो, आणि माझं सगळं भांडण तेवढ्यापुरतंच आहे.

२२ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी म्हणूनच अस्वस्थ होऊन वाचला. एका दमात दिलेला तीन तलाक रद्द झाला, पेढे वाटले, मीही खाल्ला. पाच न्यायमूर्ती, तीन विरुद्ध दोन. त्या तिघांतले नरीमन आणि लळित म्हणाले की ही प्रथा मनमानी आहे म्हणून संविधानाच्या १४व्या कलमाविरुद्ध आहे. तिसरे, कुरियन जोसेफ, म्हणाले की ही प्रथा कुराणाविरुद्ध आहे म्हणून चालणार नाही. म्हणजे कोट्यवधी बायकांची सुटका एका न्यायमूर्तींनी कुराणाचा काय अर्थ लावला यावर तरली. त्यांनी तो चांगला लावला. लावला नसता तर? याच खटल्यात 'बेबाक कलेक्टिव्ह' हा हसीना खान आणि सोबतिणींचा गट मध्ये पडला होता, आणि त्यांचं म्हणणं मला माझं वाटतं: आम्ही काय मानतो ते बाजूला ठेवा, आम्ही नागरिक आहोत, मूलभूत हक्कांची कसोटी आम्हालाही लावा.

मग २०१९ चा कायदा आला. तीन तलाक उच्चारला की तीन वर्षांपर्यंत तुरुंग. त्यानंतर आमच्या सल्ला केंद्रात आलेली एक बाई मला विसरता येत नाही. हातात दुकानातली जाड प्लास्टिकची पिशवी, आत रेशनकार्डाची झेरॉक्स, गॅसचं पुस्तक, मुलाचा जन्मदाखला आणि लॅमिनेट केलेला निकाहनामा. मेहेर ७८६ रुपये, उधार. नवरा सोडून गेला होता, दुसरीकडे संसार थाटला होता. ती पोलिसांत गेली तर विचारलं, तीनदा म्हणाला का? नाही म्हणाला. मग आमच्याकडे काही नाही. तो कशाला म्हणेल? न म्हणता निघून जाणं त्याला आता सोयीचं. ना तिचा तलाक झाला होता, ना नवरा होता. आणि समजा तो म्हणाला असता आणि आत गेला असता, तर पोटगी तुरुंगातून कुठून आली असती? नवऱ्याने टाकलेली बाई हिंदू असली तर त्याला दिवाणी प्रकरण म्हणायचं आणि मुसलमान असली तर फौजदारी, यात बाईचं भलं कुठे आहे ते मला दिसत नाही.

त्या बाईला शेवटी उपयोग झाला तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचा. राहत्या घरातून तिला कुणी काढू नये असा आदेश त्यातून मागता आला. हा कायदा अर्जदाराचा धर्म विचारत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं १२५ कलमही विचारत नसे, आणि १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की ते मुसलमान घटस्फोटितेलाही लागू आहे. अशा कायद्यांबद्दल मोर्चे निघत नाहीत, टीव्हीवर चर्चा होत नाही. कुर्ल्याच्या, वांद्र्याच्या न्यायालयात बुरख्यातल्या बायका साडीतल्या बायकांशेजारी बसून तारीख घेतात. धर्मनिरपेक्षता मी पाहिली आहे ती त्या बाकावर.

धर्मनिरपेक्ष म्हटलं की लोकांना वाटतं, हिने धर्म सोडला. मी रोजे ठेवते. माझी बहीण बुरखा घालते आणि त्या पाच हिश्शांचा तिला माझ्यापेक्षा जास्त संताप आहे. २०२४ साली चेंबूरच्या एका कॉलेजाने हिजाबला बंदी केली, उच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली तेव्हा आम्ही दोघींनी सुटकेचा श्वास सोडला, तिने बुरख्यात आणि मी उघड्या डोक्याने. मुलीने डोक्यावर काय घ्यावं हे बापाने ठरवू नये, मौलवीने ठरवू नये, आणि प्राचार्यांनीही ठरवू नये. मुंब्र्यात 'परचम'च्या मुली फुटबॉल खेळतात, कुणी डोकं झाकून, कुणी न झाकता. मैदान मिळवण्यासाठी भांडावं लागलं ते दोघींना मिळूनच.

राज्यकर्त्यांच्या चांगुलपणाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण मुस्लीम बहिणींचा कळवळा हल्ली भाषणांत फार येतो. २००२ च्या गुजरात दंगलीत सामूहिक बलात्कार झालेल्या बिल्किस बानोचा खटला गुजरातबाहेर काढून मुंबईत चालवावा लागला. २१ जानेवारी २००८ ला इथल्या न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारने त्यांना सोडून दिलं, बाहेर हार घातले गेले. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. त्याच २०२२ च्या जानेवारीत शिकल्यासवरल्या, बोलणाऱ्या मुसलमान मुलींचे फोटो एका ॲपवर लिलावाला लावले गेले होते. गुन्हा मुंबई पोलिसांनी नोंदवला आणि पकडलेली पोरं कोवळी होती. माझ्या मुलींना मौलवीपासून वाचवायला निघालेल्यांना मला एवढंच विचारायचं आहे, यांच्यापासून कोण वाचवणार?

मला दोन मुली आहेत. मुलगा नाही. म्हणजे तोच चौकोन, तेच चोवीस भाग, फक्त पाच भाग यांच्या, माझ्या नवऱ्याच्या, भावाचे. ८ मार्च २०२३ ला केरळात सी. शुक्कुर या वकिलांनी आपल्या बायकोशी, शीना यांच्याशी, विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं, कारण त्यांना मुलीच होत्या. बातमी वाचून यांनी पेपर माझ्यापुढे सरकवला, बोलले काही नाहीत. १९५४ च्या या कायद्याच्या १५व्या कलमाखाली आधी झालेल्या निकाहचीही नोंद करता येते. केली की वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो: बायकोला एक तृतीयांश, बाकी सगळं मुलांना, मुलगा-मुलगी सारखे. दलवाई पतीपत्नींनीही १९५६ मध्ये निकाहनंतर याच कायद्याखाली लग्न नोंदवलं होतं. सत्तर वर्षं होत आली, आणि ही वाट अजून वकिलांच्या घरातल्यांनाच माहीत असते.

अम्मीला सांगितलं तर ती घाबरली. "निकाह मोडतो का त्याने?" नाही मोडत, म्हटलं. "मग करा." तिने तो चौकोन पाहिलेला आहे, तिला जास्त समजवावं लागलं नाही.

नोटीस लागते, ३० दिवस, ऑफिसच्या फलकावर. आमची नोटीस वाचून कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. शेजारच्या कागदावर मात्र एक मुलगा आणि एक मुलगी, नावं वेगवेगळ्या धर्मांची, दोघांचे पूर्ण पत्ते. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्य सरकारने आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समितीही नेमली, मुलींच्या काळजीपोटी. त्या मुलीचा पत्ता कोण कोण वाचून गेलं असेल, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. ज्या कायद्याने माझ्या मुलींना घर दिलं, तोच या मुलीला फलकावर टांगतो. तीस दिवसांची ही अट गेली पाहिजे. तिच्याबद्दल आम्ही, ज्यांना ती काचली नाही त्यांनी, आधी बोललं पाहिजे.

प्रमाणपत्रावर तीन साक्षीदार लागतात. तिसरा साक्षीदार म्हणून माझे दीर आले, मुलींचे चाचा. त्यांनाही दोन मुलीच. सही करायच्या आधी त्यांनी कागद नीट वाचला.

"भाभी, यात माझा हिस्सा गेला ना?"

"गेला."

त्यांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं, आणि हा अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो ते विचारायला निघून गेले.